इंजिन स्टँड कोणता घ्यावा? खानदेशातल्या गॅरेजवाल्यांचे आणि हौशी गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कन्नडचा घाट नाहीतर तोरणमाळ चढताना पाणी उकळून हेड गॅस्केट गेलेली गाडी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गॅरेजांना नवी नाही. इंजिन खाली उतरलं की पहिला प्रश्न असतो ते कशावर ठेवायचं. आता बरेच जण इंजिनाला एका बाजूने बोल्टांनी पकडून उंचीवर धरणारा, चाकांचा स्टँड घेतात, पण घेताना बघतात फक्त त्यावर छापलेला आकडा. माझं म्हणणं असं की तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा. इंजिन स्टँडपासून किती पुढे लटकणार, तुमची जमीन कशी आहे आणि बोल्ट कोणते लावणार, हे आधी ठरवावं. खालची बहुतेक उत्तरं या तीन गोष्टींभोवतीच फिरतात.

आमच्या उस्तादांनी आयुष्यभर टायरवर ठेवून इंजिनं बांधली. मग स्टँड हवाच कशाला?

टायरवर बांधलेली इंजिनं चालली, आजही चालतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना मिळतात. तिथल्या जुन्या मिस्त्रींनी जमिनीवर बसून जी कामं केली, त्यांच्या हाताला तोड नाही. पण टायरवर इंजिन उलटं-सुलटं करायला प्रत्येक वेळी दोन माणसं लागतात आणि तेवढ्या वेळा ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या धडाचा, घासून तयार केलेला पृष्ठभाग कशावर तरी आपटायची शक्यता असते. सम्प, म्हणजे तळाची तेलाची टाकी, लावलेलं इंजिन टायरवर ठेवलं तर सम्पचा पत्रा आत दबतो, आणि आतली तेल ओढायची जाळी त्याला चिकटली की ऑइल प्रेशर कमी होतं.

सगळ्यात मोठा शत्रू धूळ. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आपल्याकडे जमिनीलगत बारीक धूळ सतत उडत असते. क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याचं मेन बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागांएवढी असते, तिथे वाळूचा एक कण नव्या बेअरिंगवर चरा पाडायला पुरतो. इंजिन कमरेच्या उंचीला आलं की ही धूळ बरीच टळते, आणि पाठीचा त्रासही वाचतो. चाळिशीनंतर पाठ धरलेले मिस्त्री आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. नुसत्या या एका कारणासाठीसुद्धा मी स्टँड घ्या म्हणेन.

स्टँडवर १००० लिहिलंय. म्हणजे हजार किलो ना?

बहुतेक वेळा नाही. बाजारात येणारे पुष्कळ स्टँड पाउंडात मोजलेले असतात. ७५० पाउंड म्हणजे सुमारे ३४० किलो, १००० पाउंड म्हणजे ४५४, १२५० म्हणजे ५६७ आणि २००० पाउंड म्हणजे ९०७ किलो. स्टिकरवर आकड्यापुढे काय लिहिलंय ते स्वतः वाचा, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. एककच लिहिलेलं नसेल तर पाउंड धरून चाला.

माझ्या इंजिनाचं वजन किती ते कसं कळणार?

अंदाज असा: मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन शंभर किलोच्या बरंच आत असतं. स्विफ्टमधलं १२४८ सीसी डिझेल सव्वाशे-दीडशेच्या घरात जातं. बोलेरोच्या २५२३ सीसी डिझेलला दोनशे किलो किंवा त्याहून जास्त धरायला हरकत नाही. पण टर्बो, ऑल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, मॅनिफोल्ड हे अंगावर ठेवलंय की काढलंय, यावर पाच-पंचवीस किलोंचा फरक सहज पडतो.

नेमकं हवं असेल तर इंजिन चेन कप्पीला लटकलेलं असतानाच मध्ये हुकचा वजनकाटा अडकवा. भंगारवाल्याकडे किंवा कापसाच्या व्यापाऱ्याकडे तो असतो, आणि मागितला तर देतात. एकदा मोजलं की गॅरेजच्या भिंतीवर गाडीचं नाव आणि वजन लिहून ठेवा.

इंजिन दीडशे किलोचं आणि स्टँड साडेतीनशेचा, तरी तो पुढे झुकतो. असं का?

स्टँड विकत घेताना समजून घ्यायची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंजिन स्टँडच्या वर बसत नाही, त्याच्या एका बाजूला लटकतं. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर मैलभर नेता येते, तीच हात लांब करून धरली तर मिनिटभरात खांदा भरून येतो. वजन तेवढंच, अंतर वाढलेलं. स्टँडच्या खांबालाही हेच सोसावं लागतं.

आकड्यात बघा. दीडशे किलोच्या इंजिनाचा तोलबिंदू स्टँडच्या प्लेटपासून, म्हणजे इंजिन जिला जोडतात त्या पुढच्या पाट्यापासून, ३५ सेंटीमीटरवर आहे असं धरू. १५० गुणिले ०.३५ म्हणजे ५२.५ किलोग्रॅम-मीटर एवढा पीळ खांबावर येतो. आता प्लेट आणि इंजिन यांच्या मधल्या नळ्या लांब असल्यामुळे इंजिन आणखी १० सेंटीमीटर पुढे गेलं, तर तोच पीळ ६७.५ होतो. एक किलोही न वाढता भार २९ टक्क्यांनी वाढला. लांबलचक चार सिलिंडरच्या डिझेलचा तोलबिंदू मुळातच दूर असतो. तिथे हाच स्टँड आणखी वाकेल.

यातून दोन नियम निघतात. स्टँडची क्षमता इंजिनाच्या वजनाच्या निदान दुप्पट घ्यायची, डिझेलला शक्य असेल तर तिप्पट. आणि इंजिन प्लेटच्या जितकं जवळ बसवता येईल तितकं बसवायचं. गरज नसताना लांब नळ्या लावू नयेत.

चांगल्या स्टँडचं डोकं (प्लेट असलेला वरचा फिरता भाग) रिकामं असताना किंचित वरच्या बाजूला कललेलं दिसतं. तो दोष नाही. इंजिन लागल्यावर ते सपाटीला यावं म्हणून मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

तीन चाकांचा घ्यावा की चार?

चार. मारुती ८०० किंवा ओम्नीच्या पुढे जायचं असेल तर यावर मी दुसरा विचारच करत नाही.

तीन चाकांच्या स्टँडला मागे दोन चाकं आणि पुढे एकच पाय असतो. वरून बघितलं तर तो त्रिकोण होतो, आणि त्याचं निमुळतं टोक येतं नेमकं इंजिनाच्या खाली. म्हणजे वजन जिथे सगळ्यात जास्त, तिथेच आधाराची रुंदी सगळ्यात कमी. सरळ उभा असताना काही होत नाही, पण हेड बोल्ट आवळताना टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आडवा ओढला की स्टँड कुशीवर जायला बघतो. ओबडधोबड जमिनीवर त्याची तिन्ही चाकं टेकतात हे खरं, पण तेवढ्यासाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

चार चाकांचा घेतानाही पुढचे पाय इंजिनाच्या तोलबिंदूच्या पलीकडे पोचतात का ते बघा. आखूड पायांचा स्टँड दुकानात मजबूत दिसतो, इंजिन लावलं की मागची चाकं हलकी होतात.

आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, अर्ध्या भागात तर मातीच. चाकं चालतील का?

फरशीवर चालतील, मातीत नाही. छोटी तीन इंची चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात. इंजिन लावलेला स्टँड ढकलताना पुढचं चाक अडकलं की सगळा तोल पुढे जातो, आणि स्टँडवरून इंजिन पडायच्या घटना बऱ्याचदा अशाच घडतात. चार किंवा पाच इंची लोखंडी नाहीतर चांगल्या नायलॉनची चाकं घ्या, निदान दोघांना ब्रेक असावा. काळ्या मातीच्या जमिनीवर पावसाळ्यात तडे बुजतात आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. तिथे स्टँडपुरता आठ बाय आठ फुटांचा कोबा करून घ्या. त्याचा खर्च एका खराब झालेल्या क्रँकपेक्षा कमी येतो.

इंजिन लावलेला स्टँड शक्यतो हलवूच नये. हलवायचाच असेल तर आधी जड बाजू खाली आणायची, पिन घालायची आणि दोघांनी हळू न्यायचा. उंबरठा ओलांडायचा असेल तर इंजिन काढून कप्पीवर घ्या.

घडीचा स्टँड कसा?

घरच्या शेडमध्ये, जागा कमी असेल आणि पेट्रोलचं छोटं इंजिन असेल तर ठीक. घडीच्या सांध्यात थोडा ढिलेपणा असतोच आणि वापराने वाढतो. रोजच्या गॅरेजला घेऊ नका.

फिरवायला साधी पिन पुरते की गिअरवालं डोकं घ्यावं?

साध्या डोक्याला ठरावीक भोकं असतात, त्यात पिन अडकते. इंजिनाचा तोल डोक्याच्या फिरत्या नळीच्या मध्याशी जुळला असेल तर एक माणूस दांड्याने आरामात फिरवतो. जुळला नसेल तर पिन काढताच जड बाजू झपकन खाली येते आणि दांडा हातातून सुटतो. दातच पडायचे.

हाताने फिरवायच्या चाकाचं वर्म गिअरवालं डोकं कुठल्याही कोनात थांबतं, सोडलं तरी इंजिन स्वतःहून फिरत नाही. दीडशे किलोच्या पुढच्या डिझेलसाठी तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. साधं डोकं असेल तर पिन काढण्याआधी दांडा घट्ट धरून थोडासा दाब देऊन बघा, वजन कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. हेड काढल्यावर तोल बदलतो, क्रँक काढल्यावर पुन्हा बदलतो. म्हणून हा अंदाज दर टप्प्यावर नव्याने घ्यायचा.

बोल्ट कुठले लावायचे? स्टँडसोबत आलेले चालतील?

बहुतेक वेळा नाही. सोबतचे बोल्ट तुमच्या इंजिनाच्या मापाचे नसतात, आणि पुष्कळदा साध्या लोखंडाचे असतात. इथे पैसे वाचवू नका. दीडशे-दोनशे किलो या चार बोल्टांवर उभे आहेत.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ ही मजबुतीची खूण कोरलेली हवी. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट परत द्या. लहान गाड्यांना गिअरबॉक्सच्या बाजूला बहुधा एम-१० चे (१० मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे) आटे असतात, मोठ्या डिझेलला एम-१२. पण आट्यांची बारकाई वेगवेगळी असते. एम-१० मध्येच दोन आट्यांतलं अंतर १.२५ आणि १.५ मिलिमीटर असे दोन प्रकार भेटतात, आणि जपानी घराण्याच्या इंजिनांत १.२५ वारंवार दिसतो. गिअरबॉक्सचा मूळ बोल्ट खिशात टाकून नट-बोल्टच्या दुकानात जा, त्याच आट्यांचा लांब बोल्ट मागा. बोल्ट हाताने आत गेला पाहिजे. पाना लावून घुसवलात तर ब्लॉकचे आटे जातील.

लांबी अशी काढा: स्टँडच्या हाताची (प्लेटवरून पसरणाऱ्या, बोल्ट धरणाऱ्या पट्टीची) नळी, अधिक वायसर, अधिक ब्लॉकमध्ये शिरायची खोली. बिडाच्या ब्लॉकमध्ये निदान बोल्टच्या जाडीएवढी, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट. समजा नळी ७५ मिलिमीटर, वायसर ५ आणि ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये एम-१० साठी २०, तर १०० मिलिमीटरचा बोल्ट. भोकाच्या तळाला बोल्ट टेकत नाही ना, हेही बघा. टेकला तर हाताला घट्ट वाटेल आणि प्लेट मात्र सैलच राहील.

चारही हात वापरा आणि शक्य तितके एकमेकांपासून लांब पसरवा. तीन बोल्टांवर इंजिन टांगू नका.

इंजिन स्टँडवर चढवायची बरोबर रीत कोणती?

आधी ऑइल आणि पाणी काढा. इंजिन कप्पीवर लटकलेलं असतानाच क्लच आणि फ्लायव्हील काढा, कारण एकदा स्टँड लागला की ती बाजू झाकली जाते. मग स्टँडचं फिरतं डोकं स्टँडमधून पूर्ण बाहेर काढा आणि ते सुटं इंजिनाला लावा. आधी चारही बोल्ट सैल, मग हातांचे सांधे, मग सगळं पक्कं. डोक्याच्या फिरत्या नळीचा मध्य क्रँकच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या जरा वर येईल असं जुळवा. पूर्ण जोडलेल्या इंजिनाचा तोल साधारण तिथेच असतो. नंतर स्टँड पुढे आणून नळी खोबणीत सरकवा, पिन घाला आणि कप्पी थोडी थोडी सैल करा. साखळी लगेच काढू नका. सगळं वजन आल्यावर बोल्ट आणि वेल्डिंगवरून नजर फिरवा, मगच साखळी सोडा.

आणखी एक. जुनं इंजिन स्टँडवर आलं म्हणून लगेच उलटं करू नका. सम्पच्या तळाशी बसलेला गाळ आणि धातूचा चुरा क्रँकवर आणि सिलिंडरमध्ये ओतला जातो, आणि इंजिन का गेलं याचा पुरावाच नाहीसा होतो. सम्प खालूनच सोडवा, त्यात काय सापडतंय ते उजेडात बघा. पितळी-तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलेला असणार, मग क्रँकची मापं घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

क्रँकचं मागचं ऑइल सील स्टँडवर बसवता येतं का?

साध्या स्टँडवर नीट येत नाही, ती जागा प्लेटच्या मागे असते. शेवटी इंजिन पुन्हा कप्पीवर घ्यायचं, डोकं सोडवायचं, मग सील, फ्लायव्हील आणि क्लच बसवायचे. फ्लायव्हीलचे बोल्ट लटकत्या इंजिनावर अंदाजाने आवळू नका. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर टेकवून, फ्लायव्हील अडकवून टॉर्क पान्यानेच आवळा. क्रँक पुलीच्या मोठ्या बोल्टलाही तेच लागू. त्याला लागणारा जोर स्टँडवर लावण्यासारखा नसतो.

इंजिनाच्या कुशीला, फाउंडेशनच्या (इंजिन गाडीला बसतं त्या) जागी पकडणारेही स्टँड असतात. त्यात पुढची-मागची दोन्ही टोकं मोकळी राहतात. एकाच प्रकारची इंजिनं सतत करणाऱ्याने असा जरूर करून घ्यावा. रोज वेगळी गाडी येत असेल तर प्रत्येकीसाठी वेगळी पट्टी बनवत बसावं लागेल.

ट्रॅक्टरचं इंजिन त्यावर लावू का?

नको. ट्रॅक्टरचा ब्लॉक हा सांगाड्याचाच भाग असतो, म्हणून तो जाडजूड आणि जड असतो, बोल्टही मोठे. रावेर-यावलकडे केळीच्या हंगामात ट्रॅक्टर अडला की घाई असते हे मान्य, पण त्यासाठी दोन्ही टोकांना आधार देणारी जमिनीलगतची लोखंडी घोडी बनवा.

एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला तर?

उत्तम. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या अवधानला हात असलेले वेल्डर आहेत, आणि बाहेरून मागवलेल्या पातळ पत्र्याच्या स्टँडपेक्षा इथे बनलेला पुष्कळदा सरस ठरतो. फक्त माप तुम्ही द्या.

खांबाला ५० बाय ५० चा ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप लावायची सवय असते. त्याऐवजी ६५ बाय ६५ चा ४ मिलिमीटरचा सांगा. वाकण्याला त्याचा विरोध दुपटीहून जास्त असतो, लोखंड मात्र पावणेदोन पटीच्या आसपासच लागतं. खांब आणि बैठक यांच्या कोपऱ्यात त्रिकोणी पाटे हवेतच. फिरणारी नळी जाड भिंतीची सीमलेस घ्या, खोबणीत ढिली नको. पुढची प्लेट आणि हात १० ते १२ मिलिमीटर जाडीचे. नळीच्या मागच्या टोकाला मोठा वायसर आणि बोल्ट लावून घ्या, म्हणजे नळी पुढे निसटणार नाही. बरेच जण हेच विसरतात.

घ्यायच्या आधी चाचणी घ्या. डोक्याला मजबूत दांडा लावून प्लेटपासून ३५-४० सेंटीमीटरवर सिमेंटच्या गोण्या टांगा. एक गोणी ५० किलोची, आणि चाचणीचं वजन इंजिनापेक्षा जास्त हवं, म्हणून दीडशेच्या इंजिनासाठी पाच गोण्या. जमिनीपासून फक्त वीतभर उंच ठेवा, काही तुटलंच तर अपघात होणार नाही. रात्रभर राहू द्या. सकाळी गोण्या काढल्यावर डोकं पहिल्या जागी परत आलं नाही किंवा वेल्डिंगवरचा रंग तडकलेला दिसला, तर स्टँड परत द्या.

सिलिंडर घासून घ्यायला बोरिंगवाल्याकडे दिलेला ब्लॉक यायला वेळ लागतो, इंजिन अर्धवट पडून राहतं. काय काळजी घ्यावी?

सिलिंडरला इंजिन ऑइलचा हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत तांबेरा धरतो, नंदुरबारकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तर लवकरच. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं तर आत घाम धरतो. केळीच्या घडाला घालतात ती न विणलेल्या कापडाची स्कर्टिंग बॅग छोट्या ब्लॉकला छान बसते, हवा खेळती राहते. वरून एक धुतलेली चादर टाकली की धुळीचंही निभतं.

स्टँड सावलीत ठेवा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना दारातल्या उन्हात तापलेला भाग आणि आतला भाग यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो. ७० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन वीस अंशांनी तापला तर सुमारे ०.०३ मिलिमीटर फुगतो, आणि पिस्टन-सिलिंडरमधली फट पुष्कळ इंजिनांत जवळपास तेवढीच असते. मापं सकाळी, सगळे भाग रात्रभर एकाच जागी ठेवून घ्या.

मला माझ्या एकाच जुन्या गाडीचं इंजिन करायचं आहे. विकत घेऊ का?

ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून काही आठवड्यांसाठी मागून घ्या. बोल्ट मात्र स्वतःचे आणा. दोघा-तिघा मित्रांकडे जुन्या गाड्या असतील तर मिळून एक चांगला घेणं, हे प्रत्येकाने एकेक हलका घेण्यापेक्षा कधीही बरं.

जुना, वापरलेला स्टँड मिळतोय. काय बघू?

रंग नवा असेल तर आधी संशय घ्या. खांबाच्या बुडाशी आणि नळीच्या खोबणीपाशी रंग खरवडून वेल्डिंग बघा. पिनची भोकं लांबट झालीत का, चाकांच्या बेअरिंगमध्ये खुळखुळाट आहे का, चारही हात आहेत का, खांब बाजूने डोळा लावून बघितल्यावर सरळ दिसतो का. चाकं आणि पिन बदलता येतात. वाकलेला खांब सरळ करून घेऊ म्हणाल तर नको, एकदा वाकलेलं लोखंड पुन्हा त्याच जागी वाकतं.